हुकूम चालत नाही तिथे

त्या रात्री मी बेसिनपाशी दात घासत उभा होतो आणि मागून जाता जाता तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. नुसता ठेवला. त्यात कसलं मागणं नव्हतं, दिवस संपताना घरातलं माणूस घरातल्या माणसाला जसा सहज हात लावतं तसा तो होता. आणि मी बाजूला सरकलो. तिला जायला वाट करून देतोय असं वाटावं इतक्या बेताने सरकलो, पण सरकलो. आरशात मला तिचा हात दिसला. क्षणभर तो तसाच अधांतरी राहिला, मग तिने खाली घेतला, दांडीवरचा टॉवेल ओढला आणि ती खोलीत निघून गेली. भांडण नाही, एक शब्द नाही. तरीही तो अधांतरी हात पुढे कितीतरी दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलेना, कारण मी का सरकलो हे मला पक्कं ठाऊक होतं आणि तिला ते ठाऊक असण्याचा काहीच मार्ग नव्हता.

मला ताठरता येईनाशी झाली होती.

सुरुवात अमुक दिवशी झाली असं सांगता येत नाही. एकदा जमलं नाही तेव्हा दमणूक म्हणून सोडून दिलं. पुढच्या वेळी सुरुवात नीट झाली आणि मध्येच सगळं ओसरलं. त्यानंतर मात्र माझ्यातला एक तुकडा कायमचा वेगळा होऊन बाजूला उभा राहिला आणि पाहू लागला. आता आहे का? टिकतंय का? कमी होतंय का? हातात तिचा हात आणि डोक्यात हा हिशेब. ज्याला हे अनुभवावं लागलेलं नाही त्याला ते किती एकाकी असतं ते सांगून कळणार नाही. दोन माणसं एकमेकांच्या इतकी जवळ असताना त्यातलं एक तिथे नसतंच. आणि हिशेब सुरू झाला की उत्तर ठरलेलं असायचं.

लोकांना वाटतं की अशा वेळी ‘ती गोष्ट’ आयुष्यातून जाते. माझ्या बाबतीत ती बऱ्याच उशिरा गेली. आधी गेलं ते तिच्या आजूबाजूचं सगळं. सोफ्यावर खेटून बसणं गेलं. केसांतून हात फिरवणं गेलं. बाहेरून आल्यावर खांद्यावर टेकवलेली हनुवटी गेली. कारण प्रत्येक स्पर्श मला जिन्याच्या पहिल्या पायरीसारखा दिसायला लागला होता. पाय ठेवला की वरपर्यंत जावं लागणार, आणि वर काय होणार ते मला माहीत होतं. त्यापेक्षा पायरीच नको. मग रात्री उशिरापर्यंत लॅपटॉप उघडा ठेवायचा. तिचा श्वास संथ झाल्याची खात्री झाली की हळूच आडवं व्हायचं. आणि ती जागी असेल तर आपणच झोपल्याचा श्वास घ्यायचा. झोपलेल्या माणसाचा श्वास कसा असतो, किती खोल आणि किती अंतराने, हे मी त्या काळात फार बारकाईने शिकलो.

याच काळात मी रात्री फोनवर वाचत बसायचो. सुरुवातीला उपाय शोधत होतो आणि समोर येत होत्या त्या बाटल्या, चूर्ण, तेलं, ‘मर्दानगी परत मिळवा’ वगैरे. यातल्या कित्येक ‘नैसर्गिक’ गोळ्यांमध्ये लेबलवर न लिहिता सिल्डेनाफिल म्हणजे व्हायग्रातलंच औषध मिसळलेलं सापडतं आणि अमेरिकेचं औषध प्रशासन त्याबद्दल वारंवार इशारे देत आलं आहे, हे वाचल्यावर त्या वाटेला गेलो नाही. उपायांपेक्षा मला खिळवून ठेवलं ते या यंत्रणेने. इतकी वर्षं जिच्यावर मी माझं पुरुषपण तोलत होतो ती चालते कशी, हे मला अजिबात माहीत नव्हतं. माझी समजूत होती की तिथे जोर लागतो, दंडाचा स्नायू फुगवताना लागतो तसा. प्रत्यक्षात लिंगाच्या आतले स्नायू एरवी, म्हणजे दिवसभर, आकसलेले असतात. ताठरता यायची तर त्यांनी सैल व्हावं लागतं. मज्जातंतूंकडून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराकडून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, त्याच्या इशाऱ्यावर स्नायू सैलावतात, धमन्या रुंद होतात, आतल्या पोकळ्या रक्ताने भरतात, आणि भरता भरता त्या पोकळ्याच शिरांना बाहेरच्या चिवट आवरणाशी दाबून धरतात, म्हणून आलेलं रक्त परत जात नाही. भीती वाटली, घाई झाली, कुणी परीक्षा घेतंय असं वाटलं की शरीरात नॉरअॅड्रेनालिन वाढतं आणि ते नेमकं उलटं काम करतं, स्नायूंना पुन्हा आकसून घेतं.

हे वाचून मी बराच वेळ फोन छातीवर ठेवून पडून राहिलो. म्हणजे इतके दिवस मी शरीराला जो हुकूम सोडत होतो, तोच त्याच्या आड येत होता. ही गोष्ट सैलावण्याची होती आणि मी मुठी आवळून बसलो होतो. मला त्यात दोष दिसला नाही, उलट पहिल्यांदा थोडं हलकं वाटलं. हुकूम चालतच नाही अशा ठिकाणी हुकूम चालला नाही, तर त्यात हरण्यासारखं काय आहे?

नायट्रिक ऑक्साइड हा वायू शरीरात निरोप्याचं काम करतो हे दाखवल्याबद्दल रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना नोबेल मिळालं ते १९९८ मध्ये. सिल्डेनाफिलला अमेरिकेत मान्यता मिळाली तीही १९९८ च्याच मार्चमध्ये. मूळ औषध छातीत येणाऱ्या कळांसाठी, अंजायनासाठी, इंग्लंडमध्ये सँडविच गावातल्या फायझरच्या प्रयोगशाळेत तयार झालं होतं. चाचण्यांमध्ये हृदयावर फारसा परिणाम दिसला नाही, पण त्यात भाग घेतलेल्या पुरुषांनी दुसराच परिणाम सांगितला. मी नेहमी त्या पुरुषांचा विचार करतो. तपासणीच्या खोलीत, वहीत नोंदी करणाऱ्या अनोळखी माणसासमोर, ‘आणखी काही जाणवलं का’ या प्रश्नाला कुणीतरी पहिल्यांदा खरं उत्तर दिलं असणार. तो संकोचून गप्प राहिला असता तर?

आणि त्याच्याही आधीचे जाइल्स ब्रिंडली. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ. १९८३ मध्ये लास व्हेगासला मूत्ररोगतज्ज्ञांची परिषद भरली होती. ताठरतेच्या बहुतेक तक्रारींचं मूळ मनात असतं असं तोवर सरसकट मानलं जायचं. ब्रिंडलींनी स्वतःच्या लिंगात इंजेक्शन घेऊन औषधांचे परिणाम पाहिले होते, त्याची छायाचित्रं त्यांनी सभेला दाखवली. मग व्याख्यानाला येण्याआधी खोलीत आपण इंजेक्शन घेतलं आहे असं सांगून, सभागृहात कुठलीही कामोत्तेजना नसताना केवळ औषधाने काय घडतं, हे त्यांनी सगळ्यांसमोर कपडे उतरवून दाखवून दिलं. हा प्रसंग जिथे तिथे हसत सांगितला जातो. मला हसू आलं नाही. पन्नाशी उलटलेला एक विद्वान माणूस, भरलेली सभा, पहिल्या रांगांमध्ये सहकाऱ्यांच्या बायका. त्याने आपली लाज बाजूला ठेवली म्हणून पुढच्या पिढ्यांतल्या कितीतरी पुरुषांना ‘तुमच्या मनात काहीतरी आहे’ याच्या पलीकडचं उत्तर मिळालं. मी तर बायकोसमोरही बोलायला तयार नव्हतो.

मॅसॅच्युसेट्समध्ये ४० ते ७० वयाच्या पुरुषांची मोठी पाहणी झाली होती, तिचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले. कमीअधिक प्रमाणात ही तक्रार असणारे पुरुष निघाले ५२ टक्के. निम्म्याहून जास्त. हा आकडा वाचल्यावर मी काही दिवस माझ्या वयाच्या माणसांकडे वेगळ्याच नजरेने पाहत होतो. लिफ्टमध्ये, रांगेत, मीटिंगच्या टेबलाभोवती. इतके जण असतील तर ते आहेत कुठे? मला तर एकही भेटलेला नाही. आमच्या मित्रांच्या ग्रुपवर निळ्या गोळीचे विनोद आठवड्याला ठरलेले असतात आणि त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग क्षणात लागते. मीही ते चेहरे टाकायचो, थोडे जास्तच तत्परतेने. पुढे माझ्या लक्षात यायला लागलं की काही जण फार पटकन हसतात. काही जण मात्र त्या विनोदांवर कधीच काही टाकत नाहीत.

मला बाबांची आठवण यायची. त्यांना मधुमेह होता, अनेक वर्षं. पायाला बधिरपणा आला, चष्म्याचा नंबर बदलत राहिला, शेवटी हृदयाने दगा दिला. हे सगळं आम्हाला माहीत होतं. त्यांच्या औषधांचा डबा माझ्याच हाताने भरला जायचा. पण मधुमेहात हेही होतं, बऱ्याचदा इतर त्रासांच्या आधी होतं, हे कुणी आम्हाला सांगितलं नाही आणि त्यांनी कधी कुणाला विचारलं असेल असं वाटत नाही. उतारवयात ते फार अबोल झाले होते. आई म्हणायची, स्वभावच तो. असेलही. पण आता त्यांचा तो अबोलपणा आठवला की मला त्यात आणखी काहीतरी दिसतं, आणि ते विचारायला आता कुणीच उरलेलं नाही.

शेवटी दवाखान्यात गेलो तेव्हा बाहेरच्या फॉर्मवर ‘तक्रार’ या रकान्यात मी ‘थकवा’ लिहिलं. आत गेल्यावर डॉक्टरांनी थकव्याबद्दल विचारलं, झोपेबद्दल, कामाबद्दल, घरात कुणाला काय आजार होते त्याबद्दल. आणि त्याच सुरात, कागदावरून मान वर न करता, ‘संबंधांच्या वेळी काही अडचण?’ मी पुरुष डॉक्टर शोधून काढला होता. इथे त्या दिवशी त्यांच्या जागी त्यांच्या सहकारी बसल्या होत्या, माझ्याहून वयाने लहान. मी ‘नाही’ म्हणणार होतो. पण त्यांनी तो प्रश्न इतक्या साधेपणाने विचारला होता, भूक लागते का आणि पोट साफ होतं का यांच्या रांगेत बसवून, की खोटं बोलायला लागणारी तयारीच माझ्याजवळ नव्हती. मी म्हणालो, ‘हो. ताठरता टिकत नाही.’ त्यांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. खोलीत काहीही बदललं नाही. पंखा फिरत होता, बाहेर कुणाचं तरी नाव पुकारलं जात होतं.

‘सकाळी उठताना असते का?’ त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मला आधी विचित्र वाटला. मग त्यांनी समजावलं. निरोगी पुरुषाला झोपेत, स्वप्नं पडतात त्या टप्प्यांमध्ये, रात्रीतून ३ ते ५ वेळा आपोआप ताठरता येते. सकाळची असते ती बहुधा त्यातली शेवटची. झोपेत भीती नसते, परीक्षा नसते, बाजूला उभं राहून पाहणारं कुणी नसतं. तेव्हा येत असेल आणि जागेपणी येत नसेल तर रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू बहुधा शाबूत आहेत, अडथळा मनाच्या बाजूने जास्त आहे. झोपेतही येत नसेल तर शरीरात शोधायला हवं. पूर्वी हे पाहायला टपालाच्या तिकिटांची पट्टी रात्री लिंगाभोवती गुंडाळून ठेवत आणि सकाळी छिद्रांवर फाटली आहे का ते बघत, हे मी नंतर वाचलं. १९८० च्या वैद्यकीय लेखात ती पद्धत दिलेली आहे. मी त्यांना खरं ते सांगितलं: असते, पण पूर्वीसारखी नाही, आणि बरेच दिवस मी लक्षही दिलेलं नाही. ‘मग दोन्ही असेल,’ त्या म्हणाल्या. ‘बहुतेकांचं दोन्ही असतं.’

त्यांनी मला एक कागद दिला, पाच प्रश्नांचा. गेल्या सहा महिन्यांत तुम्हाला किती खात्री वाटत होती, किती वेळा टिकली, शेवटपर्यंत टिकवणं किती अवघड गेलं, समाधान किती वेळा मिळालं. प्रत्येकाला गुण, एकूण २५. २१ किंवा त्याहून कमी आले तर तक्रार आहे असं धरतात. मी पेन घेतलं आणि पहिल्याच प्रश्नाशी अडलो, कारण गेल्या सहा महिन्यांत मी प्रयत्नच इतके थोडे केले होते की उत्तराला आधार नव्हता. टाळाटाळीला त्या कागदावर वेगळा रकाना नाही. बेरीज केली तेव्हा आकडा २१ च्या बराच खाली होता. आश्चर्य म्हणजे मला वाईट वाटलं नाही. जे मनात नुसतं धुमसत होतं त्याला मोजपट्टी लागली होती, आणि मोजता येतं म्हणजे ते माझ्याआधीही पुष्कळांना झालेलं आहे.

मग रक्त तपासलं. उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी, कोलेस्टेरॉल, आणि सकाळच्या वेळेतच घ्यावं लागणारं टेस्टोस्टेरॉन. रक्तदाब पुन्हा पुन्हा मोजला. टेस्टोस्टेरॉन ठीक निघालं, साखर नाही. रक्तदाबही वर. डॉक्टरांनी कागदावर दोन गोल काढले, एक लहान, एक मोठा. लिंगाच्या धमन्यांचा व्यास साधारण १ ते २ मिलिमीटर, हृदयाच्या धमन्यांचा ३ ते ४. आतलं अस्तर साखरेने, दाबाने, तंबाखूने खराब व्हायला लागलं की ते सगळीकडेच होतं, पण अरुंद नळीत आधी जाणवतं. म्हणून ताठरतेची तक्रार पुष्कळदा हृदयाच्या लक्षणांच्या २ ते ५ वर्षं आधी येते. ‘तुम्ही आलात ते बरं झालं,’ त्या म्हणाल्या, ‘बरेच जण छातीत दुखल्यावर येतात. मग मागे विचारत गेलं की सांगतात, हो, ते तर कधीपासून होतं.’

मी त्या दोन गोलांकडे बघत राहिलो. मला बाबा आठवले आणि भीती वाटली, चांगलीच. त्याच भीतीच्या पोटात एक विचित्र दिलासाही होता आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. आता माझ्याकडे सांगण्याजोगा आजार होता! मधुमेह कुणालाही सांगता येतो, शेजाऱ्याला, साहेबांना, पहिल्यांदा भेटलेल्या माणसाला. लोक लगेच आपापल्या साखरेचे आकडे सांगतात, औषधांची नावं विचारतात, काळजी करतात. रक्त तेच, वाहिन्यांचं अस्तर तेच, बिघाड तोच. पण त्याच बिघाडाचा एक परिणाम सांगितला तर सहानुभूती आणि दुसरा सांगितला तर सगळे नजर चुकवणार. ही वाटणी कुणी केली, ठाऊक नाही. तिची किंमत मात्र प्रत्यक्ष आयुष्यांनी मोजली जाते, इशारा मिळूनही कुणाला न सांगता आल्यामुळे.

मनाचा भाग राहिलाच होता. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला डॉक्टरांनीच सांगितला. हृदयविकाराचं नुकतंच निदान झालेले आणि ताठरतेची तक्रार नसलेले ९६ पुरुष. सगळ्यांना अटेनोलॉल हे एकच औषध दिलं. एका गटाला कुठलं औषध आहे तेच सांगितलं नाही, दुसऱ्याला नाव सांगितलं, तिसऱ्याला नाव आणि ‘याने ताठरतेवर परिणाम होऊ शकतो’ हेही. तीन महिन्यांनी तक्रार करणारे पहिल्या गटात होते सुमारे ३ टक्के, दुसऱ्यात जवळजवळ १६, तिसऱ्यात ३१. गोळी तीच होती. फरक होता तो भीतीचा, आणि ती भीती दोनचार शब्दांनी आत सोडलेली. हे ऐकून ‘म्हणजे मनाचे खेळ’ असं म्हणावंसं वाटतं. मला तसं म्हणवत नाही. भीतीने स्नायू आकसतात तेव्हा ते खरोखरच आकसलेले असतात.

घरी रिपोर्ट टेबलावर राहिला आणि तिने तो वाचला. ‘साखर? तू टेस्ट कशाला केलीस?’ तिने विचारलं. दिवसाची वेळ होती, खिडकीतून लख्ख ऊन आत आलं होतं. मी मनाशी या बोलण्याची जुळवाजुळव नेहमी अंधारात केली होती. ‘मला गेले कित्येक महिने नीट होत नाहीये,’ मी म्हणालो. ‘म्हणून डॉक्टरांकडे गेलो होतो.’ काय होत नाहीये ते तिने विचारलं नाही. ती खुर्चीत बसली आणि बराच वेळ रिपोर्टकडेच बघत राहिली. मग म्हणाली, ‘मला वाटलं मी तुला नकोशी झाले.’ थोड्या वेळाने, ‘मला वाटलं दुसरं कुणी आहे.’ आणि मग तिचा आवाज चढला. ‘तुला कल्पना आहे, मी किती वेळा आरशासमोर उभी राहिले असेन? काय कमी झालं, कुठे जाड झाले, किती म्हातारी दिसते, सगळं बघून झालं माझं. आणि तू साखर घेऊन फिरतोयस!’ ती रडली नाही, चिडली होती. तो राग मला हवा होता असं नाही म्हणणार, पण कितीतरी दिवसांनी आम्ही एकाच गोष्टीबद्दल बोलत होतो. माझ्या गप्प बसण्यात मला फक्त मीच दिसत होतो. तिथे तीही बसलेली होती, तिच्या वेगळ्याच गोष्टीसह.

पुढच्या वेळी ती सोबत आली आणि माझ्यापेक्षा नेमके प्रश्न तिनेच विचारले. गोळी किती वेळ आधी घ्यायची? रोजची रक्तदाबाची गोळी बदलावी लागेल का? याने हृदयावर ताण येतो का? डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं. सिल्डेनाफिल साधारण तासभर आधी, पोट तुडुंब भरलेलं नको, स्निग्ध जेवणाने परिणाम उशिरा होतो. टाडालाफिल या दुसऱ्या गोळीचा अंमल ३६ तासांपर्यंत राहू शकतो. दोन्ही गोळ्या इच्छा निर्माण करत नाहीत. शरीराने सुरू केलेला सैलावण्याचा निरोप लवकर पुसला जाऊ देत नाहीत, इतकंच त्यांचं काम. डोकं दुखेल, चेहरा तापेल, नाक चोंदेल, क्वचित नजरेत निळसर झाक येईल. आणि छातीत दुखण्यासाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्याने ही औषधं अजिबात घ्यायची नाहीत, रक्तदाब धोकादायकरीत्या खाली जातो.

गोळीने काम केलं. एवढ्यावर थांबता आलं असतं तर बरं, पण त्या पहिल्या रात्री मला आनंदाबरोबर एक खिन्नताही वाटली. नाक चोंदलेलं, कपाळात ठणका, आणि मनात प्रश्न, हे माझं की गोळीचं? तासाचा हिशेब ठेवायचा म्हणजे ओढ आधीच वेळापत्रकात बसवायची. ती म्हणाली, ‘चष्मा लावून वाचतोस तेव्हा वाचणारा कोण असतो?’ तिचं म्हणणं मला पटतं. अगदी पूर्ण पटतं असं नाही. काही रात्री अजूनही तो प्रश्न येतो आणि मी त्याला येऊ देतो.

मला जास्त उपयोग झाला तो समुपदेशकाने सांगितलेल्या दुसऱ्याच गोष्टीचा. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकी लैंगिक संशोधकांनी अर्ध्या शतकापूर्वी तो मार्ग मांडला. बाजूला उभं राहून स्वतःकडे पाहणाऱ्या त्या तुकड्याबद्दलही त्यांनीच लिहून ठेवलं होतं. काही आठवडे संभोग बंद. ठरवून, दोघांच्या संमतीने बंद. फक्त स्पर्श, तोही आधी पाठ, हात, पाय, चेहरा. कुठे पोहोचायचं नाही, काही साधायचं नाही. सुरुवातीला आम्ही दोघंही अवघडलो. इतक्या वर्षांच्या संसारानंतर एकमेकांना आळीपाळीने हात लावायचा म्हणजे काय ते समजेना. तिच्या खांद्याच्या मागच्या बाजूला एक जुना व्रण आहे, बोटाला जाणवेल इतकाच उंच. तो मी विसरून गेलो होतो. तिला गुडघ्याच्या मागे स्पर्श झाला की ती श्वास रोखते, हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्या बाबतीत सांगायचं तर, जिना वर जातच नाही याची खात्री झाल्यावर माझ्या पोटातली ती जुनी आवळलेली गाठ हळूहळू सुटत गेली. एका रात्री, कसलीही अपेक्षा नसताना, गोळी न घेता, ताठरता आली आणि बराच वेळ राहिली. नियमाप्रमाणे आम्ही काहीच केलं नाही. तिने ती ओळखली, काही बोलली नाही, आणि तिचा हात माझ्या दंडावर होता तिथेच राहिला.

चालणं सुरू केलं, सिगारेट सुटली, वजन थोडं उतरलं. २००४ मधल्या एका इटालियन अभ्यासात ही तक्रार असलेल्या ११० लठ्ठ पुरुषांपैकी निम्म्यांना दोन वर्षं आहार आणि व्यायामाचं काटेकोर मार्गदर्शन मिळालं. त्यांच्यातल्या १७ जणांची ताठरता पूर्ववत झाली, उरलेल्या निम्म्यांतल्या फक्त तिघांची. त्यांच्यात मधुमेही नव्हते, त्यामुळे ते आकडे मला जसेच्या तसे लागू होत नाहीत. मधुमेहात मज्जातंतूंचंही नुकसान होतं आणि ते सगळं भरून येत नाही. मी परत पंचविशीत जाणार नाही. अलीकडे तो पाच प्रश्नांचा कागद पुन्हा भरला तेव्हा गुण वाढले होते, तरी २१ च्या आतच होते. काही वेळा होत नाही. तेव्हा आधी तोच जुना गारवा पोटात येतो, आणि मग मी तिला सांगतो, ‘आज नाही होत.’ हे तीन शब्द मला अजूनही जड जातात. ते बोलल्यावर मी तिच्याजवळच राहतो, पलीकडे वळत नाही.

परवा ग्रुपमधल्या एका मित्राचा फोन आला, विनोदांवर कधीच काही न टाकणाऱ्यांपैकी एकाचा. साखरेची चौकशी केली, चालण्याची केली, मुलांची केली. मी थांबलो. मग म्हणाला, ‘अरे, तू त्या ज्या डॉक्टरांकडे जातोस ना, त्यांचा नंबर देशील?’ कशासाठी ते त्याने सांगितलं नाही. मी म्हणालो, ‘देतो. मी पण आधी ताठरतेसाठीच गेलो होतो, साखर नंतर सापडली.’ पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. फोन कट झाला की काय म्हणून मी स्क्रीन पाहिली. मग तो म्हणाला, ‘काय काय न्यावं लागतं?’ मी सांगितलं: सकाळी लवकरची वेळ घे, काही न खाता जा, म्हणजे साखर आणि टेस्टोस्टेरॉन एकाच वेळी होईल. चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून ने, झोपेची, डिप्रेशनची, रक्तदाबाची, जी असतील ती, त्यातल्या काहींमुळेही असं होतं. मनाने कुठलीच बंद करू नकोस. पहाटे ताठरता असते का याकडे जायच्या आधी थोडे दिवस लक्ष ठेव, ते नक्की विचारतील. त्याने लिहून घेत असल्यासारखं ‘हं’ म्हटलं. ‘आणि छातीसाठी जिभेखाली ठेवायची गोळी घेत असशील,’ मी म्हणालो, ‘तर ते सगळ्यात आधी सांग. आणि तोवर बाहेरून काहीही आणून घेऊ नकोस.’